लिलाववाल्याच्या अंगातला पारा

धक्क्यावर त्याला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. बोटींची इंजिनं, बर्फ फोडायच्या यंत्राची घरघर, हमालांची ओरड, सगळं कापत त्याची बोली पार टोकाला टेम्पोत बसलेल्या ड्रायव्हरलाही ऐकू जायची. उलट्या क्रेटवर उभं राहून तो मासळीचा लिलाव पुकारायचा आणि पुकारता पुकारता घेणाऱ्यांची फिरकी घ्यायचा. "काय हो हॉटेलवाले, मासा बघताय की मुलगी? पसंत आहे म्हणा, नाहीतर उठा!" लोक हसत, आणि हसता हसता भाव चढत जाई.

घरी मात्र माणूस अगदी मवाळ. "तुमचा पारा कधी चढतच नाही, मी भांडू तरी कोणाशी?" असं बायको वैतागून म्हणायची. दारूला त्याने जन्मात हात लावला नव्हता. बाप दारूपायी गेला होता.

लिलाववाल्याचा मान म्हणून बोटवाले रोज त्याच्यासाठी मोठ्या माशाचा जाड तुकडा बाजूला काढत. सुरमई, मुशी, जे असेल ते. दोन्ही वेळा तो तेच जेवायचा. बायकोला मोठ्या माशाचा वास सोसत नसे. ती आपल्यापुरती बारीक मासळी करून घ्यायची.

सुरुवात ओठांपासून झाली. भूल दिल्यासारखे ते बधिर वाटू लागले. मग बोटांची टोकं. मग शर्टाची बटणं लावायला बायको लागू लागली. जीभ जड झाली, आकडे एकमेकांत गुंतू लागले. एका सकाळी तो क्रेटवरून उतरायला गेला आणि पाय भलतीकडेच पडून मासळीच्या ढिगात कोसळला. मागून कोणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच टाकून आलाय." सगळे हसले. त्या आठवड्यातच क्रेटवर दुसरा माणूस उभा राहिला.

घरी बायकोने दार लावून घेतलं. "तोंड उघडा बघू."

त्याने उघडलं. तिने वास घेतला. दारूचा मागमूसही नव्हता. तिलाच रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

बरेच हेलपाटे झाले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवायला काय असतं रोज?" ऐकून त्यांनी त्याच्या डोक्यावरचे थोडे केस कापून तपासायला पाठवले.

"तुमच्या अंगात पारा साठलाय," निकाल आल्यावर त्या म्हणाल्या. "समुद्राच्या पाण्यात पारा मिसळला की तो चिखलात जातो, तिथून बारक्या जिवांत. त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. मासा जितका मोठा, तितका पारा जास्त. तुमच्या खाडीवर कारखाना आहे का कसला?"

होता. खाडीच्या वरच्या अंगाला, रसायनांचा. त्याचा पाइप रात्रंदिवस खाडीत वाहत असे.

"हे बरे होतील ना?" बायकोने विचारलं.

"आणखी बिघडू नये एवढं बघू. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही."

बाहेर बाकावर बसल्यावर तो अडखळत म्हणाला, "बघ. तू म्हणायचीस, पारा चढत नाही." तिने पदर तोंडावर धरला. हसत होती की रडत होती, ते त्यालाही कळलं नाही.

बातमी कळताच मेहुणा घरी आला. तिचा हा भाऊ मोठा बोटवाला. बोटवाल्यांच्या संघात त्याचा शब्द चाले. येताना फळं घेऊन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला.

"भावोजी, ही गोष्ट बाहेर फुटली तर आपल्या धक्क्याचा मासा कुत्रंही हुंगणार नाही. कारखान्याशी आमचं बोलणं चाललंय, आतल्या आत."

"मग लोकांनी काय समजायचं?" बहिणीने विचारलं.

"समजतायत तेच समजू देत की."

"म्हणजे दारुडा?"

मेहुणा खाली बघत म्हणाला, "ताई, दारुड्याला लोक विसरतात. धक्का एकदा बदनाम झाला की सगळ्यांच्याच चुली विझल्या."

भोंग्याने मान हलवली. ठीक आहे. त्या मेहुण्याने अडीअडचणीला त्यांना कधी अंतर दिलं नव्हतं.

मग तो दारुडा म्हणून राहिला. पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करत. वाणी त्याला दुकानाच्या पायरीवर बसू देईना. बायको कोणाशी भांडायला उठली की तो तिचा हात धरायचा. नजरही आखडत चालली होती. नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसायचं.

एकदा तो सवयीने धक्क्यावर जाऊन बसला. समोर बर्फवाला लादी उचलत होता. लादी हातातून निसटली. त्याने पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. "यानेही सुरू केली वाटतं, भोंग्याची संगत!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. बर्फवाला आपल्या बोटांकडे बघत उभा होता. भोंगाही एकेकाळी आपल्या बोटांकडे तसाच बघत राहिला होता.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. शब्दाशब्दाला अडत होता, पण थांबला नाही.

सकाळी ऐन लिलावाच्या वेळी तो बायकोच्या खांद्याला धरून क्रेटवर चढला. "मोठा मासा... खाऊ नका," तो म्हणाला. तोंडातून नुसता घोगरा, चिवडलेला आवाज निघाला. लोक हसायला लागले. तेव्हा बायको शेजारच्या क्रेटवर चढली.

"ते म्हणतायत, मोठा मासा खाऊ नका. त्यात पारा आहे. हे दारू पीत नाहीत, कधीच प्यायले नाहीत. बर्फवाल्यालाही दवाखान्यात न्या."

"ताई, खाली उतर!" गर्दीतून मेहुणा ओरडला.

ती उतरली नाही. तो एकेक शब्द बोले, ती तो मोठ्याने सांगे. हॉटेलवाले आधी निघून गेले, मग बाकीचे. ढीग उन्हात तसेच राहिले.

पुढे जे व्हायचं ते झालं. घराच्या खिडकीवर दगड आले. मेहुण्याने बोलणं टाकलं. सरकारी माणसं आली, पाणी आणि चिखल घेऊन गेली. खूप उशिराने पाइप बंद झाला; चिखलातला पारा चिखलातच राहिला. बऱ्याच बोटी विकल्या गेल्या. बर्फवाल्याचे हात थोडे सुधारले, पूर्ण नाही.

मेहुण्याची सून तेव्हा पोटुशी होती. आपल्याच घरात मासा बंद केला तर लोक काय म्हणतील, म्हणून मेहुण्याने तो ताटातून हलू दिला नव्हता. मुलगी झाली. दिसायला गोड. पण महिने उलटले तरी मान धरीना, हाक मारली तरी बघेना.

एका दुपारी मेहुणा नातीला खांद्यावर घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला.

"ताई, त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता हवा होता."

तिने आधी बाळाला घेतलं. खाटेवर बसलेला भोंगा काहीतरी बोलला. मेहुण्याला कळलं नाही. तो खाली वाकला, कान त्याच्या तोंडाजवळ नेला. "भावोजी, पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कळलं.

"मी येतो बरोबर."

मेहुणा तिथेच जमिनीवर बसला. बहीण बाळाची मान तळहातावर तोलून धरत म्हणाली, "उठ. दुपारची गाडी मिळेल अजून."