अमोलचा अॅम्प आणि कसब्यातले काका

आमच्या बँडची बसवलेली गाणी चार. अॅम्पचे किस्से त्याहून जास्त! आम्ही गाणी सुरू केली की लोक उठतात, किस्से सुरू केले की चहा मागवतात. मग काय, किस्सेच सांगतो.

बँड म्हणजे खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतले आम्ही चौघं. गिटारवर यवतमाळचा अमोल. त्याने बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून जुना, ट्रान्झिस्टरवाला गिटार अॅम्प आणला होता. वयाने आमच्यापेक्षा मोठा. आवाज असा, की त्यातून आम्हीसुद्धा बरे वाटायचो.

अॅन्युअल डेला आमचा पहिला शो ठरला. पोरगा पुण्यात नक्की काय करतो ते बघायला अमोलचे आई-बाबा यवतमाळहून येणार होते. तिकिटंही काढून झाली. आणि दहा दिवस आधी अॅम्प गेला!

एचआरच्या मॅडम गोड हसून म्हणाल्या, "मग डीजेला सांगून ठेवू का?"

*

आम्ही चौघंही इंजिनियर. त्यामुळे आधी अॅम्प बंद करून चालू केला. नाही झाला. परत केला. मग मी एक्सेल शीट उघडली. इश्यू: आवाज नाही. ओनर: अमोल. स्टेटस: रडतोय.

*

कोणीतरी कसबा पेठेतल्या रिपेअरवाल्या काकांचं नाव सुचवलं. अॅम्प उचलून गल्लीतून नेईपर्यंत आमचे खांदे गेले.

"काका, हा बंद पडलाय."

"चालू असता तर दर्शनाला आणला असतात का?"

काकांनी अॅम्पच्या लाइनमध्ये शंभरचा बल्ब जोडला आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला! आम्ही टाळ्या वाजवल्या.

काका चष्म्यावरून बघत राहिले. "अहो, आत शॉर्ट असला की हा असा पेटतो. मंद राहायला हवा. टाळ्या कशाच्या?"

"मग आता कसं करायचं जी?" अमोलने विचारलं.

"आता तुम्ही घरी जा. अॅम्प राहू दे."

*

सवयीप्रमाणे आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून स्टेटस घ्यायला लागलो. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "काका, किती टक्के झालं?"

"शंभर टक्के उघडलाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

*

अॅम्पमधले दोन ट्रान्झिस्टर जळालेले. तशी जोडी मिळेना. दुकानं पालथी घातली. ते बनवणारी कंपनीच बंद, तर माल कुठून येणार?  आई-बाबांना येऊ नका म्हणून कसं सांगायचं, एवढंच अमोल विचारायचा.

पाचव्या दिवशी काकांचा फोन. "मिळाली जोडी. नशीब तुमचं."

आम्ही पळत गेलो. दुकानाच्या वरच काकांचं घर, तिथे काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "ह्यांनी आपला स्वतःचा अॅम्प्लिफायर फोडला तुमच्यासाठी. चाळीस वर्षं रोज सकाळी त्याच्यावर रेडिओ लावायचे. आता घरात कशी शांतता आहे! तुम्ही आधी का नाही आलात?"

अमोल काकांच्या पाया पडायला वाकला. काका म्हणाले, "वाकलाच आहेस तर तो स्क्रू दे खालचा."

*

अॅम्प जोडून झाला. बल्ब मंद. अमोलने गिटार लावली, तार छेडली. आवाज शून्य!

काकांनी अॅम्प परत उघडला. अर्धा तास एकेक वायर तपासली. त्यांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "काका, गिटारचाच व्हॉल्यूम बंद आहे. मी गंमत केली."

अमोल माझ्या अंगावर धावला. काकांनी मात्र हातातली वायर खाली ठेवली. माझ्या पाठीवर थोपटलं. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस!

हडपसरला बसमधून उतरताना एका काकूंनी सांगितलं, की माझ्या पाठीवर पांढरी टेप आहे. त्यावर मार्करने लिहिलं होतं: 'खराब. बदलणे.' तीच टेप काका जळक्या पार्टना लावायचे.

*

शोच्या दिवशी अॅम्प पोचवायला काका स्वतः आले. आमच्या हातात द्यायला त्यांचा जीव धजेना.

समोर दुसऱ्या रांगेत अमोलचे आई-बाबा. आणि अॅम्प चालू केल्याबरोबर हॉलभर घूंऽऽऽ! विंगेत मॅडम डीजेला खुणा करायला लागल्या.

काका स्टेजवर चढले. अॅम्पच्या पत्र्याला टेस्टर लावून बघितला. मग चपला काढल्या आणि पत्र्यावर हात ठेवला. घूं बंद! हात उचलला. घूंऽऽऽ!

"इथे अर्थिंगच नाही," काका म्हणाले. "आता अर्थिंग मीच. खुर्ची आणा."

चारही गाणी काका स्टेजच्या मधोमध बसले. पांढरा शर्ट, अनवाणी पाय फरशीवर, डोळे मिटलेले, एक हात अॅम्पवर. सगळे फोटो त्यांचेच निघाले.

खाली आल्यावर अमोलच्या बाबांनी पोराला जवळ घेतलं. "मस्त वाजवलं रे! ते मधात बसले होते, ते तुमचे गुरुजी काय?"

अमोल म्हणाला, "हो." मीसुद्धा गंमत केली नाही.

पुढच्या वर्षी अॅन्युअल डे जवळ आला, तरी आम्हाला कोणी विचारलं नाही. एकदा काकांच्या दुकानात बसलो होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकांचे हात सोल्डरिंगमध्ये, म्हणून मी स्पीकरवर टाकला. एचआरच्या मॅडम!

"सर, मागच्या वर्षीचा तुमचा परफॉर्मन्स सगळ्यांना फार आवडला. यंदाही याल का?"

काकांनी आमच्याकडे बघितलं. सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"येईन," म्हणाले. "पण माझ्याबरोबर चार पोरं असतात. वाजवतात थोडंफार. चालतील का?"