गावानं वाचवलेला वैद्य

माझे वडील वैद्य होते. चाकणच्या आसपासच्या गावांतलं आजारपण आमच्या ओसरीवर यायचं. सुंठ-पिंपळी कुटायचं काम माझ्याकडे होतं. शाळेतल्या मुली मला ‘काढा’ म्हणून चिडवायच्या आणि मी चिडायचेही.

एकोणीसशे पन्नास साल उलटलं आणि मुंबई राज्याचा कायदा बदलला. सरकारी यादीत नाव असेल त्यानेच औषध द्यायचं, बाकीच्यांनी दिलं तर गुन्हा. पदवी नसली तरी वर्षानुवर्षं वैद्यकी करणाऱ्यांची नावं गावात चौकशी करून यादीत घेणार होते. वडिलांनी तालुक्याला, खेडला जाऊन अर्ज दिला आणि निर्धास्त झाले.

आई म्हणाली, “साहेब विचारायला येईल. चार माणसांना आधी सांगून ठेवा.”

“मला चांगला म्हणा, असं सांगत दारोदार फिरू?” वडील म्हणाले. मानी माणूस. मला तो मान तेव्हाही पटला नव्हता.

साहेब जीपमधून आला. दारूबंदीचे दिवस होते. जीप म्हणजे हातभट्टीवर धाड, हे गावाला पाठ होतं, आणि जीपमधल्या माणसानं काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असे: ठावं न्हाई. वडील त्या दिवशी एका रोग्याला बघायला पलीकडच्या गावी गेले होते.

संध्याकाळी वडील परतले, तशा पाटलीणबाई हसतमुखानं ओसरीवर आल्या. त्यांच्या नातवाला वडिलांनी त्याच वर्षी विषमज्वरातून उठवलं होतं.

“वैद्यबुवा, घोर करू नगा,” त्या म्हणाल्या. “सायेब इचारत हुता, हितं औषीद कोन देतं. आमी म्हनलं, कोनी न्हाई. वैद्यबुवा शेती करत्यात. समद्या गावानं त्येच सांगितलं.”

वडिलांनी हातातली औषधांची पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, “उपकार झाले, वहिनी. चहा घेऊन जा.”

आई आत जाऊन रडली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पाटलीणबाई गेल्यावर मी म्हटलं, “साहेबाला जाऊन सांगा, गाव खोटं बोललं.”

“माझ्यासाठी बोलले आणि मीच त्यांना सरकारपुढे उभं करू?”

“निदान गावाला तरी खरं सांगा.”

“नको. जन्मभर जिवाला लावून घेतील.”

यादीत नाव आलं नाही आणि वडिलांनी औषध देणं बंद केलं. लोक येतच राहिले. “हात थरथरतो आता,” असं सांगून ते त्यांना एस.टी.नं सरकारी दवाखान्यात पाठवत. हात कुठला थरथरतोय? माझ्या सुईत दोरा तेच ओवून देत. पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. पारावर त्याच्याच गप्पा चालत आणि वडील त्या मान डोलवत ऐकत. घरी आले की जेवणावरून अर्धपोटी उठत. इतका बोलका माणूस, पण घरात दिवसदिवस त्यांचा आवाज ऐकू येईना. मला ते बघवत नसे.

दशक सरायच्या आत ते गेले. सारा गाव लोटला. पाटलीणबाईंनी मला पोटाशी धरलं.

“पोरी, त्येंच्या हातात बेड्या पडल्या असत्या गं,” त्या रडत म्हणाल्या. “आमी वाचवलं त्येंना.”

“हो, काकू,” मी म्हणाले.