जावयाचा कुंगफूवाला बाळू

किस्से कुणी मुद्दाम साठवत न्हाई राव. टेम्पोच्या डॅशबोर्डात सुटे नटबोल्ट कसे साठतात? कुठला कुठनं निघाला ठाऊक नसतं, पण फेकायला जीव होत न्हाई. माझ्याकडं जर्मनीचे किस्से तसेच साठलेत. आन् सगळे एकाच माणसापायी. माझा जावई!

जावईबापूंचं नाव निखिल. स्टुटगार्टात मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. गाडी भिंतीवर आपटली तर आतल्या माणसाचं काय होतं, ते कम्प्युटरवर बघायचं काम. मी बारामतीला जन्मभर टेम्पो चालवला तो कुठं आपटू नये म्हणून जपून. आन् ह्यो आपटायचा पगार घेतो!

पोरीनं, पल्लवीनं, मला उन्हाळ्यात तिकडं बोलावून घेतलं. बघतो तर जावयाला छंद कसला? कुंगफूचा. बरं, नुसता हातपाय हलवायचा न्हाई. कम्प्युटरात एक माणूस बनवायचा आन् त्याच्याकडनं कुंगफू करून घ्यायची!

म्हणलं, "जावईबापू, पोटं सुटली की लोक स्वतः व्यायाम करतात. तुम्ही दुसऱ्याला करायला लावताय?"

"मामा," तो म्हणला, "गंमत नाही ही. सिरियस आहे."

आन् खरंच होतं. त्यांच्या क्लबातला गुरू, हेर उलरिश. हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत. मी उलरिशराव म्हणायचो. रिटायर ट्रामड्रायव्हर, ताडासारखा उंच, ढोपरं करकर वाजायची. कुंगफूत एक फॉर्म असतो, म्हणजे ठरलेल्या चाली, एकामागनं एक, एकट्यानं करायच्या. उलरिशरावाला त्यो एका चिनी म्हाताऱ्यानं शिकवलेला, बर्लिनच्या हॉटेलात स्वयंपाकी होता त्यो. म्हातारा गेला. क्लबातली बाकीची मंडळी अर्ध्यातच दमायची. शेवटापर्यंत फॉर्म येणारा उलरिशराव एकटाच उरला. आन् त्याचा खुबा बदलायचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, त्यानंतर खाली बसायच्या चाली बंद.

म्हणजे हातात होता त्यो एक उन्हाळा. तेवढ्यात फॉर्म कम्प्युटरात न्हाई उतरला, तर संपला.

*

पहिल्यांदा मी त्यो कम्प्युटरातला माणूस बघितला तवा त्याला अंगावर मास नव्हतं. नुसती हाडं! दोन्ही हात आडवे पसरून उभा.

म्हणलं, "याला कुणी वाळत घातलाय?"

"मामा, सुरुवात अशीच करतात. आधी सांगाडा, मग शरीर."

मग त्यानं एक बटण दाबलं आन् हाडं चालायला लागली. मान वळली. गुडघा वाकला. माझ्याच्यानं खुर्चीत बसवंना. मी स्वयंपाकघरात पळालो.

"पल्लवी, तुझ्या नवऱ्यानं मढं उठवलंय!"

पल्लवी पोळी लाटत होती. मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाई. "बाबा, त्याला सांगा, मढ्याला म्हणावं आधी केराची बादली खाली ठेवून ये. आज काळ्या डब्यातला कचरा न्यायचा दिवस आहे."

त्या दिवशी मी त्याचं नाव ठेवलं, बाळू. घरातलं एक माणूसच झालं ते. बिनकामाचं.

*

गुरूला दमवायच्या आधी जावयानं माझ्यावर ट्रायल घेतली. हॉलमध्ये चारी बाजूनं मोबाईल उभे केले. मी मध्ये.

"मामा, काहीही करा. हळूहळू. मी फक्त बघतोय कॅमेरे नीट पकडतायत का."

मी हात फिरवले. पाय उचलला. आन् मधेच कंबर खाजवली. मुद्दाम, लई सावकाश, गंभीर तोंड करून.

कम्प्युटर म्हणजे प्रामाणिक गडी. जसं केलं तसं बाळूनं केलं. जावयाचं सगळं ध्यान पायात, कारण बाळूचे पाय बर्फावरनं घसरल्यासारखे जमिनीवर सरकत होते. कंबर त्यानं बघितलीच न्हाई. आन् आठवड्यानं तीच ट्रायल क्लबातल्या लोकांना मोठ्या पडद्यावर दाखवायला घेऊन गेला.

जर्मन माणूस लई मन लावून शिकतो राव! पडद्यावर बघून सगळे उभं राहून करायला लागले. एक बाई माझ्याकडं वळून कंबरेला हात लावून काहीतरी विचारायला लागली. मला जर्मनचे तीनच शब्द येतात. त्यातला एक काढला. डोळे मिटून म्हणलं, "आल्झो..." म्हणजे, तर मग...

तिनं मान डोलावली. पुन्हा खाजवलं.

तेवढ्यात उलरिशराव दारातनं आत आला. बघतो तर सगळा क्लब रांगेत उभा राहून कंबर खाजवतोय! त्यानं पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. जावई लालबुंद. मी छताकडं बघतोय.

उलरिशराव रांगेच्या पुढं जाऊन उभा राहिला. कंबरेला हात नेला. लई सावकाश खाजवलं. आन् म्हणला, "गेनाऊ! नोख माल!"

बरोबर! पुन्हा एकदा!

तिथनं पुढं आमची दोस्ती. मी मराठीत बोलायचो, त्यो जर्मनमध्ये. जावई मधी नसला तर जास्त समजायचं.

*

रविवारी दुपारी जर्मनीत खिळासुद्धा ठोकायचा न्हाई. आन् जावई हॉलमध्ये पाय आपटत होता! बाळूचा पाय जमिनीवर टेकतो तवा गुडघ्यात धक्का कसा जातो, ते त्याला स्वतःच्या अंगात बघायचं होतं.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई, फ्राऊ बाउअर. जावई बेडरूममध्ये गुल! दार उघडायला मी.

बाई तोफेसारख्या सुटल्या. मी ऐकून घेतलं. मग "या, या", म्हणजे त्यांचं हो हो, करत त्यांना आत आणलं आन् स्क्रीनकडं बोट केलं. तिथं बाळू पाय आपटत होता. मी कपाळाला हात लावला. म्हणजे, काय करू बाई, ऐकत न्हाई!

बाई बघत राहिल्या. बाळू वळला, वाकला, एका पायावर उभा राहिला. बाईंचा राग कुठं गेला कळलं न्हाई. तोंड उघडं ठेवून शेवटापर्यंत बघितलं. मग जाता जाता काहीतरी बोलल्या आन् हळूच दार ओढून घेतलं.

जावई बाहेर आला. म्हणलं, "काय म्हणल्या?"

"म्हणाल्या, मुलगा फार सुंदर करतो. पण घरात हाऊसशूज घालायला सांगा."

तुम्हाला खोटं वाटंल. त्याच संध्याकाळी जावयानं बसून बाळूला लोकरीच्या सपाता केल्या! आन् त्या घालून कुंगफू. मी पोट धरून हसलो, पण हसता हसता जवळ जाऊन बघितलं तर लोकरीचा एकेक धागा दिसत होता. म्हणलं, काय हात हाय गड्याचा!

सपाता मग काढल्या. उलरिशराव आला असता तर मी पुन्हा घालायला लावल्या असत्या.

*

फॉर्मचा पहिला भाग झाला तवा उलरिशराव घरी आला बघायला. पल्लवीनं पोहे केले होते. त्यानं प्लेट मांडीवर घेतली ती तशीच राहिली.

बाळूला आता पुरतं अंग आलं होतं, पांढरा सदरा आला होता. हात असे फिरत होते की जणू पाणी चाललंय. कुठं हिसका न्हाई, कुठं अडखळ न्हाई. जावयानं कंपनीतल्या सवयीनं सगळा थरथराट पुसून काढला होता, मशीन कसं चालावं तसं. मी तर चाट पडलो.

उलरिशरावानं प्लेट बाजूला ठेवली. मग दोन वाक्यं बोलला. जावयाचं तोंड उतरलं.

"काय म्हणतोय?"

"सुंदर आहे म्हणतात. पण हा माणूस कधी श्वासच घेत नाही."

मी परत बघितलं. खरंच की राव! एवढे हातपाय चालवतोय आन् छाती जागची हलत न्हाई!

जावई कामावरनं आला की बसायचा. पुसलेलं परत आणायचं. उलरिशरावाचे व्हिडिओ पुढंमागं करून त्याचा सदरा कुठं फुगतो, कुठं खाली बसतो ते बघायचा. चहा निवून जायचा. पल्लवी बोलायची, ह्याला ऐकू यायचं न्हाई.

मग एक दिवस माझी नात रेवा शाळेतनं आली. मराठी समजतं पोरीला, पण उत्तर जर्मनमध्ये. स्क्रीनपुढनं जाताना थांबली. बाळू नुसता उभा होता. फॉर्म सुरू व्हायच्या आधी उभं राहतात तसा. काहीच करत नव्हता.

ती दप्तर न टाकता उभी राहिली. मग बापाला हळूच म्हणली, "पापा, एर लेब्ट."

म्हणलं, "काय गं?"

पल्लवीनं सांगितलं, "बाबा, ती म्हणतेय, हा जिवंत आहे."

माझ्याकडं चेष्टा तयार होती. ती ठेवली तशीच आन् बाळूपुढं खुर्ची ओढून बसलो.

*

शेवटचा भाग राहिला होता, आन् ऑपरेशन आलं जवळ. त्या भागात पार जमिनीलगत बसून एक पाय लांब फिरवायचा असतो. क्लबातल्या एकालाबी येत न्हाई.

जावई म्हणला, "तुम्ही नका करू. बाकीचं मी अंदाजानं बसवतो."

उलरिशराव म्हणला, "नाइन." न्हाई म्हणजे न्हाई.

क्लबाचा हॉल रिकामा होता. मी एक मोबाईल धरून उभा. म्हाताऱ्यानं सुरू केलं. खाली जायच्या चालीपाशी आला. त्याच्या ओठाला पांढरी रेघ आलेली मला लांबनं दिसली. आन् ताडाएवढा माणूस राव, घडी घातल्यासारखा खाली गेला! पाय फिरला. धूळ उठल्यागत मला वाटलं. परत वर आला. दोन्ही हात जुळवून थांबला. मला श्वास घ्यायचं ध्यान न्हाई.

जावयानं कॅमेरे बघितले. डोक्याला हात लावला. "सॉरी. शेवटी पाय बाकाच्या आड गेलाय. पण राहू दे, मी करतो काहीतरी."

उलरिशरावानं घाम पुसला, बाक स्वतःच्या हातानं बाजूला ओढलं. काहीतरी बोलला आन् पुन्हा पहिल्या जागेवर जाऊन उभा राहिला. जावई हसावं का रडावं अशा तोंडानं माझ्याकडं वळला.

"काय म्हणला?"

"म्हणाले, हा खुबा पुढच्या आठवड्यात कचऱ्यात जाणार आहे. कशाला जपायचा? पुरेपूर वापरून घेऊ."

*

आता ह्यो शेवटचा. ह्यो मी कुणालाबी सांगितला की लोक माझ्याच तोंडाकडं बघतात, आन् त्यात त्यांची चूक न्हाई.

ऑपरेशन नीट झालं. उलरिशरावाला गावाबाहेर टेकडीवरच्या रेहामध्ये ठेवला, म्हणजे ऑपरेशननंतर चालायला शिकवायचं दवाखान्यासारखं घर. पण म्हातारा मनातनं खचला होता. जेवायला कुबड्या घेऊन जायचा, यायचा, बास. व्यायामाला बोलावलं की तोंड भिंतीकडं. नर्सबाई जावयाला म्हणली, "तुम्हीच काहीतरी बोला त्यांच्याशी."

जावयाचा बाळू पुरा झाला होता. आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन गेलो. पल्लवीनं केक दिला होता.

लॅपटॉप पार पलीकडं खिडकीच्या टेबलावर ठेवला, त्याला मोठा टीव्ही जोडला. बाळूनं फॉर्म सुरू केला. उलरिशराव खुर्चीतनं बघत होता. चांगलं म्हणला, पण कसं, की आपण परक्याच्या पोराला म्हणतो तसं.

मग त्यानं विचारलं, "फॉन हिंटन?"

पाठीमागनं दाखवता येतो का?

जावयानं बाळू फिरवला. आता बाळूची पाठ आमच्याकडं. म्हातारा खुर्चीत सरळ झाला. त्यांच्यात रीत अशी, गुरू पुढं उभा राहतो पाठ करून, आन् शिष्य मागनं बघून करतात. चिनी म्हातारा गेल्यापासनं उलरिशराव जन्मभर पुढंच उभा. त्याच्या पुढं कुणाची पाठच नव्हती.

त्यानं हात केला. जावई पळत गेला, कुबड्या दिल्या, दंडाला धरून उभं केलं. मी कोपऱ्यात.

"नोख माल," म्हणला. जावयानं पुन्हा लावलं आन् पळत त्याच्यापाशी आला. म्हाताऱ्यानं एक कुबडी जावयाच्या हातात दिली. मग दुसरी. जावयाचे दोन्ही हात गुंतले.

बाळूनं श्वास घेतला. मागं उलरिशरावानं घेतला. बाळूचा हात वर. ह्याचा हात वर. दारात नर्सबाई येऊन थांबली.

मग पहिलं पाऊल आलं. बाळूनं उचललं. म्हाताऱ्याचा नवा पाय उचलंना. लटपटला. बाळू पुढं चालला होता.

उलरिशराव पाठीकडं बघून हळूच म्हणला, "वार्टं."

थांब.

बाळू थांबला.

जावयानं माझ्याकडं वळून बघितलं. "मामा!"

मी दोन्ही हात वर केले. एका हातात कॉफी, एका हातात केकची बशी. लॅपटॉप खोलीच्या त्या टोकाला. नर्सबाईकडं बघितलं, तर ती दाराला टेकून उभी.

म्हाताऱ्यानं आमच्याकडं बघितलंबी न्हाई. त्याची नजर समोरच्या पाठीवर. नवा पाय त्यानं उचलला, सावकाश पुढं नेला, टेकवला. वजन टाकलं. पाय राहिला.

मग म्हणला, "वायटर."

पुढं चल.

आन् बाळू पुढं चालायला लागला.