बायकोच्या नावाने अमेरिकेला

मी एकदा माझ्या बायकोच्या नावाने अमेरिकेला गेलो आहे.

(फक्त जाताना. येताना माझ्याच नावाने आलो.) गेली सहा वर्षं ही गोष्ट मी आपणहून कोणालाही सांगितलेली नाही. उलट त्या प्रवासाबद्दल आमच्या धायरीच्या सोसायटीत जी गोष्ट प्रसिद्ध आहे, तिच्यात मी नायक आहे! म्हणून आता शहात्तराव्या वर्षी नोंद दुरुस्त करून ठेवतो.

आमचा मुलगा निरंजन तिकडे कॅलिफोर्नियात असतो. त्याने आम्हा दोघांना बोलावलं. निघायच्या आठ दिवस आधी त्याचा फोन आला, तोही सुलभा भाजी आणायला गेली आहे हे बघून.

"बाबा, आईचं तिकीट फर्स्ट क्लासचं केलंय. तिची कंबर सोळा तास बसून राहणार नाही. माझे विमानप्रवासाचे साठलेले पॉइंट एकाच सीटला पुरले. पण सरप्राइज आहे हं! विमानात शिरेपर्यंत तिला बोलायचं नाही."

"छान. आणि माझं?"

"तुमचं आपलं नेहमीचंच."

नेहमीचंच! मी तोवर विमान फक्त लोहगावला कुंपणाबाहेरून पाहिलं होतं.

मी काही चोर माणूस नाही. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. एक कागद चुकीच्या टेबलावर जाऊ दिला नाही. पण मी भित्रा आहे. सिंहगडावर दरीच्या बाजूला फोटो काढायला उभा राहत नाही, लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे मोठ्याने मोजतो. त्यात आमच्या कट्ट्यावरचे देवधर (यांनी एकदाच विमानप्रवास केला, तोही नागपूरपर्यंत) मला म्हणाले, "दातेसाहेब, विमान हलतं ते मागे. एसटीची शेवटची सीट आठवा. पुढे बसणाऱ्याच्या चहावर तरंगसुद्धा उठत नाही."

त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट यायला लागली. न हलणारा चहा.

मुंबईच्या विमानतळावर सगळी कागदपत्रं अर्थातच माझ्या निळ्या फाइलमध्ये होती. आमच्या घरात कागद म्हणजे मी. सुलभाने बेचाळीस वर्षांत स्वतःचं रेल्वेचं तिकीटसुद्धा हातात धरलेलं नाही. गेटवर मी दोन पासपोर्ट आणि दोन बोर्डिंग पास एकत्रच दिले, त्यांनी एकत्रच परत केले. मग त्या बोगद्यासारख्या वाटेने विमानाच्या दारापाशी आलो. सुलभा पुढे, मी मागे.

"अहो, माझा पास द्या की."

मी फाइल उघडली आणि तिला एक पास दिला.

घरी कधी विषय निघालाच असता, तर 'हात चुकला' म्हणायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. आज खरं लिहितो. हात चुकला नाही. एकतीस वर्षं नाही चुकला, तो तिथे कसा चुकेल?

दारातल्या मुलीने फक्त सीटचे नंबर पाहिले. सुलभाला उजवीकडे हात दाखवला, मला डावीकडे.

"अहो, तुम्ही तिकडे कुठे?"

"विमानाचा तोल," मी म्हणालो. "पुढे वजन कमी पडतंय म्हणे."

"मग मला पाठवा! मी तुमच्यापेक्षा जड आहे."

"तुझी मागे गरज आहे."

एवढ्यात मागच्या रांगेने तिला ढकलत आत नेलं. मी मनाशी ठरवलं, फक्त विमान वर चढेपर्यंत. ते सरळ झालं, की उठायचं, मागे जायचं, आणि 'सरप्राइज!' म्हणून तिला पुढे आणायचं.

फर्स्ट क्लासमध्ये खुर्ची नसते, खोली असते. तिला दार असतं. आमच्या शेजारच्यांनी भाड्याने दिलेली खोली याहून लहान आहे. मी खुर्चीच्या टोकाला, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसा बसलो. तोच एक हवाई सुंदरी यादी घेऊन आली.

"मिसेस सुलभा दाते?"

आणि तिने माझ्या मिशीकडे पाहिलं.

खोट्या नावाने विमानात! देश सोडून जाताना! आता उतरवणार, बेड्या घालणार, आणि सुलभा मागून चाललेला तमाशा बघणार.

"येस," मी म्हणालो.

"सुलभा... इज अ जेंट्स नेम?"

"इन पुणे, येस!"

तिने बिचारीने मान डोलावली आणि यादीत 'मिसेस'चं 'मिस्टर' करून टाकलं. पुण्याबद्दल लोक काहीही खरं मानतात, याचा मला तेवढा एकदा फायदा झाला.

विमान धावायला लागलं तशी मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट पकडली. त्यात कुठलं तरी बटण दाबलं गेलं असावं. विमान वर जात होतं आणि मी हळूहळू आडवा होत होतो. मला वाटलं, विमान उलटं होतंय! मी रामरक्षा सुरू केली, पण ती भीतीने दुसऱ्या श्लोकावरून पुन्हा पहिल्यावरच येत होती. मग मनात आलं, हे पडलंच, तर यादीत माझ्या जागी सुलभा आणि सुलभाच्या जागी मी. वर चित्रगुप्तापुढेही आमच्या फायली अशाच जाणार. तिचं पुण्य मला मिळेल, ते ठीक. पण माझी पापं त्या माउलीच्या नावावर?

विमान सरळ झालं. मी ठरल्याप्रमाणे उठलो. विमान हललं. मी बसलो. (देवधर खोटं बोलले होते. पुढेही हलतं!) असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी टोमॅटोचं सूप माझ्या पँटवर सांडलं, आणि त्या मुलीने लगबगीने एक नवा कोरा पायजमा-सदरा आणून दिला. तो निरंजनने आईच्या मापाचा सांगून ठेवलेला. सुलभा पाच फूट, मी पावणेसहा. पायजमा पोटऱ्यांपर्यंत आला आणि सदरा बेंबीपाशी थांबला.

मुलाने अजून काय काय सांगून ठेवलं होतं ते पुढे कळत गेलं. दर तासाने ती गरम पाण्याची पिशवी आणायची. "फॉर युवर बॅक, सर." माझी कंबर ठणठणीत! तरी मी 'आई गं' म्हणून ती पिशवी पाठीशी घ्यायचो. जिची कंबर दुखत होती, ती चव्वेचाळिसाव्या रांगेत ताठ बसलेली. ती पिशवी पाण्यापेक्षा लाजेनेच जास्त भाजत होती.

आणि मग दिवे मंद झाले. मला वाटलं, झालं, इंजिन बंद पडलं. दार सरकलं. पाच जण आत आले. पुढच्याच्या हातात केक.

"हॅपी बर्थडे, डिअर सुलभा..."

त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. मला अर्थातच आठवण नव्हती. पाच माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी आखूड पायजम्यात, मिशी सावरत, स्वतःच्या बायकोचा वाढदिवस साजरा करून घेत होतो. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळं कबूल करायचं असं ठरवून, केक दोन्ही हातांत धरून मी पडदा ओलांडला.

चव्वेचाळिसावी रांग म्हणजे साधारण धायरी फाट्यावरून धायरी गाव. वाटेतले सगळे जागे होऊन माझ्या पोटऱ्यांकडे बघत होते. सुलभा दोन धिप्पाड गृहस्थांच्या मध्ये, हात पोटाशी घेऊन बसली होती.

"अगंबाई! अहो, पँट कुठंय तुमची?"

"थंडी असते पुढे. हे देतात."

"असलं?" आणि मग तिला केक दिसला. त्यावरचं नाव दिसलं. तिचे डोळे एकदम भरून आले. "तुमच्या लक्षात होतं? अहो, तुम्ही केलंत हे माझ्यासाठी?"

मी खरं बोलायला तोंड उघडलं, शपथ. पण त्याच क्षणी विमान धाडकन खाली गेलं. माझ्या तोंडातून निघालं, "हो!"

शेजारच्या दोघा गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. सुलभाने डोळे पुसले, स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि मला म्हणाली, "पुढे थंडी आहे म्हणालात ना? घ्या. मला इथे गरम होतंय."

तिला गरम होत नव्हतं. मला ते दिसत होतं. तरी मी शाल घेतली, पुढे गेलो, आणि गादीवर पडून शाल डोक्यावरून ओढून घेतली.

उतरल्यावर निरंजन न्यायला आला होता. "आई, आराम मिळाला ना?"

"कसला आराम रे, पण यांनी..."

"बॅगा!" मी ओरडलो. "निरंजन, बॅगा मोज!"

नंतर मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "आईला त्या थाटामाटाचं अवघडल्यासारखं होतं. विषय काढू नकोस." केकचं श्रेय मी घेतल्याचं त्याला पहिल्याच जेवणात कळलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोळी वाढून घेतली. पोरगा आईवर गेलाय.

पुढची सहा वर्षं मी रोज थोडा थोडा घाबरत काढली. सुलभाने केकची गोष्ट कुठे म्हणून सांगितली नाही! भिशीत, लग्नात, दवाखान्यात रांगेत. "आमच्या ह्यांनी आभाळात केक मागवला." सोसायटीतले नवरे माझ्याशी बोलेनासे झाले. महिला मंडळाने 'आदर्श पती' म्हणून मला श्रीफळ दिलं आणि माइक हातात देऊन मनोगत विचारलं. मला इतका घाम फुटला, की बायका म्हणाल्या, किती हळवे आहेत!

मागच्या महिन्यात निरंजनने आम्हाला पुन्हा बोलावलं. तिच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला तिथे त्याचे पन्नासेक मित्र येणार होते. ती ही गोष्ट तिथे सांगणार, आणि ज्याने खरोखर केक मागवला तो पोरगा समोर उभा राहून ऐकणार. माझी झोप उडाली. अखेर एका दुपारी ती मेथी निवडत असताना मी समोर बसलो.

"सुलभा, एक सांगायचंय. तो केक मी मागवला नव्हता. निरंजनने मागवला होता."

चाळीस-पन्नास वर्षांत तिने माझ्याबद्दल अभिमानाने सांगितलेली ही एकच गोष्ट. ती मी तिच्या हातातून काढून घेत होतो.

तिने मान वर केली नाही. "माहितीय."

"माहितीय? कधीपासून?"

"केक बघितला तेव्हापासून. त्यावर पासष्ट लिहिलं होतं. तुम्ही मागवला असतात तर त्रेसष्ट लिहिलं असतंत. किती झाली आता मला?"

"अडुसष्ट?"

"एकाहत्तर. त्याच वाढदिवसाला चाललोय ना आपण?"

"मग सहा वर्षं सगळ्यांना का सांगत फिरलीस?"

"भिशीत बाकीच्या बायका नवऱ्यांचं सांगतात. मी काय सांगू, तुम्ही फाइल छान ठेवता म्हणून? शिवाय पोटऱ्यांपर्यंतचा पायजमा घालून तुम्ही एवढ्या लांब चालत आलात. तेवढं खरं होतं ना! मी ते मोजलं."

काय सांगू, सहा वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं! मी हसलो, ती हसली. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिच्या पुढ्यातली मेथीची काडी उचलून स्वतः निवडायला घेतली आणि म्हणालो, "तू खरंच थोर आहेस गं. सीटचंसुद्धा मनात ठेवलं नाहीस."

तिचा हात थांबला.

"कुठल्या सीटचं?"

त्यानंतर सुलभाने निरंजनला फोन लावला. स्पीकरवर. त्या फोनचं सविस्तर वर्णन मी करणार नाही. माझं रक्तदाबाचं औषध तेव्हापासून दुप्पट झालं आहे, एवढं पुरे.

आज हे मी चव्वेचाळिसाव्या रांगेत, मधल्या सीटवर बसून लिहितो आहे. या वेळीही निरंजनचे पॉइंट एकाच सीटला पुरले. फाइल सुलभाच्या पर्समध्ये होती. माझा पास तिने मला विमानाच्या दारात दिला, दोनदा नाव वाचून.

मघाशी विमान असं काही हललं, की माझ्या शेजारचा माणूस माझ्या मांडीवर आला. मी घाबरून बेल दाबली आणि आलेल्या मुलीला म्हटलं, "बेटा, पुढे फर्स्ट क्लासमध्ये माझ्या मिसेस आहेत. त्यांना म्हणावं, यांना फार भीती वाटतेय, पाच मिनिटं येऊन जा."

ती गेली. बऱ्याच वेळाने परत आली.

"सर, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, त्या एकट्याच प्रवास करतायत." मग जरा वाकून, हळू आवाजात तिने विचारलं, "तुम्हाला खात्री आहे ना, की त्या तुमच्याच मिसेस आहेत?"

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मला आज पहिल्यांदाच ती खात्री नव्हती.