नट, बोल्ट आणि कोथिंबीर

चिंचवड स्टेशनाबाहेर भाजी विकणाऱ्या एका मावशींमुळे माझी नोकरी टिकली. त्यांचं नाव मला ठाऊक नाही.

चौथीत शाळा सुटली, कोकणातून इकडे आलो आणि पिंपरीच्या एका कारखान्यात सामानाच्या कोठीवर लागलो. शेकडो जिन्नस! मला येत होती बाराखडी, म्हणून सगळं अक्षरवार लावलं. नट एका फळीवर, बोल्ट दुसरीकडे, वायसर पार टोकाला. मागणीच्या चिठ्ठ्या साचायच्या, कामगार खोळंबायचे, माझं डोकं भणभणायचं. "शनिवारपर्यंत जमव, नाहीतर गावी जा," साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी स्टेशनाबाहेर पाहिलं, तर गिऱ्हाइकानं तोंड उघडताच मावशींच्या एकाच मुठीतून मिरची, आलं, कोथिंबीर पिशवीत पडत होती.

"एवढं ध्यानात कसं राहतं, मावशी?"

"ध्यानात कोन ठिवतंय? लोक जे संगं मागत्यात, त्ये संगं ठिवायचं. तू काय येकेक हुडकीत फिरतोस व्हय रं, येड्या?"

मला हसूच फुटलं. दुसऱ्याच दिवशी साऱ्या फळ्यांची उलथापालथ केली. शनिवारी चिठ्ठी येताच नट, बोल्ट, वायसर एका दमात पुढे!

"राव, चार हात फुटले काय तुला?" कामगार म्हणाले. साहेब नुसतेच हसून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात गावचा सगळ्यांत मोठा फणस खांद्यावरून आणीन आणि मावशींना स्वतः फोडून खायला घालीन.