अनूपच्या आजोबांची चादर

माझं लग्न एका सोलापुरी चादरीमुळे मोडलं. चादरीचा दोष नव्हता. तिचा रंग आजही पक्का आहे.

अनूप केरळचा, माझ्या ऑफिसातला. त्याच्या गावी बोलणी करायला बाबा, आत्या आणि मी गेलो. निघताना आत्या म्हणाली, "आमचं हिंदी त्यांना कळायचं न्हाय. तुला इंग्रजी येतंय की. तितं तूच बोलायचं!" मी मान हलवली. (मान हलवणं ही माझी खरी मातृभाषा.)

बोलणी छान झाली, म्हणजे केळ्याचे वेफर्स संपेपर्यंत. अनूप त्याच्या मामाला आणायला स्टेशनवर गेला आणि त्याची आई आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे आजोबा झोपले होते. उताणे, हात छातीवर. बाबांना गहिवरून आलं. बाबा म्हणजे चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस! वडीलधाऱ्यांचा मान म्हणजे शाल-श्रीफळ, आणि शाल म्हणजे अर्थातच स्वतः विणलेली चादर.

पिशवीतून चादर निघाली आणि मला आठवलं. अनूपची आजी वारली तेव्हाचं त्यानंच सांगितलं होतं: तिकडे माणूस गेला की नातेवाईक कोरं कापड आणून अंगावर घालतात, उशाशी नारळ आणि दिवा ठेवतात.

बोलायला हवं होतं. पण कुठल्या भाषेत? मराठीत बोलले तर अनूपच्या आईला वाटणार, काहीतरी लपवतेय. इंग्रजीत बोलले तर तिच्यासमोर बाबांची चूक काढल्यासारखं! मी ठरवत होते, तोवर चादर आजोबांच्या गळ्यापर्यंत पोचली.

"दादा, नारळ उशाला ठेव, पायाशी नगं!" आत्या म्हणाली.

नारळ उशाला गेला. मी घसा खाकरला.

"पाणी पायजे का गं?" असं विचारत आत्यानं औक्षणाचं निरांजन लावलं. ओवाळून झाल्यावर पंख्यानं विझू नये म्हणून तेही उशाशीच ठेवलं!

बाबा अनूपच्या आईला म्हणाले, "अच्छा माल है, माताजी. आखिर तक साथ देगा!"

त्या बाईंना हिंदी जेमतेम यायचं. नेमकं हे वाक्य पूर्ण समजलं.

खिडकीतून शेजारणीनं पाहिलं: कोरं कापड, नारळ, दिवा, पायाशी हात जोडलेले पाहुणे. तिनं किंकाळी फोडली. दहा मिनिटांत अंगण भरलं. एकजण तर घडी घातलेलं पांढरं कापड घेऊनच आला! तेवढ्यात अनूप परतला. गर्दी बघून त्यानं बाइक तशीच आडवी टाकली आणि रडत आत धावला.

त्या गोंगाटानं आजोबा जागे झाले. उठून बसले आणि मल्याळममध्ये काहीतरी विचारलं. कुणी हसलं नाही.

"विचारतायत, कोण गेलं," अनूप मला इंग्रजीत म्हणाला. मग हळूच, "मी तुला सांगितलं होतं ना?"

परतीच्या गाडीत बाबा माझ्याकडे वळले.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

मी मान हलवली.

आठवड्यानं अनूपचा मेसेज आला: आईचं मन होत नाही. आजोबा मात्र ठणठणीत आहेत आणि तीच चादर पांघरतात म्हणे.

परवा आत्या माझी माहिती नव्या स्थळासाठी लिहीत होती. "भाषा किती येत्यात गं?"

"चार," मी म्हटलं. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सोलापुरात आमच्या विणकरांच्या गल्लीत शिकलेलं तेलुगू. चारही भाषांत मला उत्तम गप्प बसता येतं!