शेवटचा डोस

"मले मालूम नाई. विचारून सांगतो."

दवाखान्याच्या खिडकीतून असं म्हणणारा कंपाउंडर तुम्ही पाहिलाय का? मी एकच पाहिला, धानोऱ्याच्या अलीकडे, आमच्या गावात. सगळे त्याला हसायचे. मी शाळामास्तर, मीही हसलो. ज्याला स्वतःच्या मिक्श्चरचा भरवसा नाही, त्याच्या हातचं प्यायचं तरी कसं?

मग तळ्यावर मासे धरणाऱ्या एका घरातली सून दगावली. अशक्तपणावर तिला कुचल्याच्या अर्काचं औषध होतं. कुचला विषारी, पण थेंबांनी दिला तर ताकद येते म्हणायचे. पाच डोस तिला मानवले. सहावा, बाटलीतला शेवटचा, घेतला आणि तासाभरात आकडी येऊन ती गेली. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात.

कंपाउंडर ती रिकामी बाटली मागून घेऊन माझ्याकडे आला. तळाशी पांढरी कणी चिकटली होती.

"डॉक्टरसायबानं लिवलं तसंच बनवलो जी, मास्तर. मंग खाली हे काऊन बसलं?"

त्याने डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी हाकलून लावलं. महिनाभर त्याने ती बाटली खिशात वागवली.

पुढे सरकारचा कायदा आला. कंपाउंडरांनी नाव नोंदवायचं. जुन्यांना परीक्षा नाही, अनुभव पुरे. त्याचा फॉर्म मीच भरला. सोळा वर्षांचा अनुभव, असं ऐटीत लिहिलं. त्याने टाक खाली ठेवला.

"सोळा वर्सात मले काय समजलं? ते बाई काऊन मेली, हे तं समजलंच नाई. आधी मले शिकाले पाठवा म्हना."

"भाऊ, आधी सही तं करा. नोकरी जाईन तुमची."

"शिकल्याबिगर सही नाई."

नागपूरच्या वर्गासाठी मी अर्ज लिहून दिला. मॅट्रिक नाही म्हणून अर्ज परत आला. मुदत टळली, आणि हा गेला बल्लारपूरला, कागदाच्या कारखान्यात बांबू उतरवायला. एवढा कसला हट्ट, म्हणून मला त्याचा रागच आला होता. आता त्या रागाची लाज वाटते.

नवा कंपाउंडर नोंदणीतला होता. हसतमुख, हात झटपट. त्याला सगळं ठाऊक असायचं.

त्या हिवाळ्यात माझ्या बायकोला तेच कुचल्याचं औषध सुरू झालं. समोरच्या आत्याबाईंनाही. शेवटचा डोस ओतायला मी बाटली उचलली, तर तळाशी पांढरी कणी. मी दवाखान्यात धावलो.

"काई होत नाई, मास्तर. जोरात हालवा अन् पाजा," नवा म्हणाला.

घरी येऊन मी औषध अंगणात ओतून दिलं. बायको चिडली, कारण विचारू लागली. मला कारण माहीत नव्हतं. तसाच समोर गेलो आणि दारातूनच हाक मारली.

आत्याबाईंची बाटली धुऊन ओट्यावर उपडी घातलेली होती.